चिंचेनं घासलेला रेडिओ

वच्छे,
रडून रडून निजली, म्हणून तुले उठवलं नाही. सासऱ्याच्या रेडिओतल्या सेलच्या पट्ट्या हिरव्या पडल्या, तू त्या देवाच्या भांड्यावानी चिंच-पाण्यानं घासल्या, अन् तो मुका झाला. तेवढ्यासाठी माहेरी जाची थैली काहून भरली वं? सासऱ्याले, माह्या लेकाले, अजून पत्ता नाही. थैली माह्या पेटीत आहे, चावी माह्या कमरेले.

आता आयक. सेल बाहीरच राहू दे. पट्ट्या कोरड्या फडक्यानं पूस, सावलीत चांगल्या वाळू दे. मंग पेन्सिलीच्या रबरानं हळूच घास. चाकू लावू नको, ओलं बोट तर बिलकुल नको. भुसा फुंक, मंगच सेल बसव. रबर देव्हाऱ्यात ठेवलं आहे.

तुह्या सासऱ्याले मी कन्हानले घेऊन चालली. माह्या मावसभावाले वाघ चावला, असं सांगतलं. मले मावसभाऊच नाही, हे त्याले आठवेपर्यंत कन्हान येते.

रेडिओ बोलला का आंगणात लाल लुगडं वाळू घाल. ते दिसलं का आम्ही घरात येतो. नाही दिसलं, तर भावाले चावून वाघच मेला म्हणतो, अन् तुह्या सासऱ्याले रस्त्यावरूनच वाघाच्या तेरवीले घेऊन जातो.

आजी