कार्डाला चार उड्डाणं कमी

३ मार्च, रविवार

सायली, ही वही पुढे उघडणारी तूच. म्हणून आधी तुलाच विचारते, तीन विमानतळांवर तीन छत्र्या ठेवून आलीस, आठवतंय? नसणारच. तुला लिहिता येतं म्हणून तू विसरतेस. मला लिहायची सोय कधी नव्हती, त्यामुळे सगळं डोक्यात ठेवावं लागलं. आता डोक्यात जागा नाही. लिही.

(सांगणारी आजी, लिहिणारी मी, तिची नात. छत्र्या दोन. – सा.)

तीन. एक माझी होती.

तर शोभाचा फोन. माझी लेक, मस्कतला बारा वर्षं. आये, ये गो, आये, ये गो, चालूच होतं. ह्या खेपेला विचारलंच नाही, तिकीटच काढलं. १० एप्रिल, बुधवार. पासपोर्टही आला. त्यावर अंगठा, आणि फोटोत मी अशी दिसते की कुणी घरात घेणार नाही.

सायली पोचवायला येणार, तिचं जायचं तिकीटही शोभानेच काढलं. चार दिवसांची रजा राखून ठेवली आहे. बुध, गुरु, शुक्र, शनि तिकडे राहील, रविवारी परत.

अडचण गुडघ्यांची. लालबागच्या मार्केटात जाऊन येते, पण चालत असेन तोवर ठीक. एका जागी उभी राहिले की गुडघे भांडायला उठतात. आणि विमानतळावर म्हणे रांगच रांग. पिशवीची एक, पासपोर्टाची एक, तपासणीची एक. लेकीला भेटायचं की रेशन आणायचं?

५ मार्च, मंगळवार

सायलीने उपाय काढला. ऑफिस तिला महिन्यातून दोनदा कुठे ना कुठे पाठवतं. इंदूर, चेन्नई, कुठे कुठे. विमान कंपनीवाले तिची उड्डाणं मोजतात. वर्षात ठरलेली भरली की चांदीचं कार्ड. चांदी नावालाच, असतं प्लास्टिकचं. मी विचारून घेतलं.

ते असलं की रांग वेगळी, आखूड. सामान थोडं जास्त. बसायला पुढची जागा.

म्हटलं, मग अडलंय कुठे?
"चार उड्डाणं कमी आहेत, आजी. आणि ३१ मार्चला त्यांचं वर्ष संपतं."
जाणं एक धरतात, येणं एक. म्हणजे दोन फेऱ्या.
"ऑफिसचं काम नाहीये आता कुठलं. मलाच जाऊन यावं लागेल. जाऊ का?"

मी एका दमात म्हटलं, जा. भर.

तुझे आजोबा गिरणीत बदली होते. रोज सकाळी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कुणी आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, ह्यांना उभं करायचे. कार्डावर दिवस पडायचा. पुरेसे दिवस भरले की कायम. ह्यांना थोडेच कमी होते. मी शिरा करणार होते, रवा आणून ठेवला होता. संप झाला. रव्यात किडे झाले, पण मी तो टाकीना...

असो. थोडक्यासाठी सोडायचं नाही. हे मी तिला सांगितलं. लिहून ठेव, मीच सांगितलं.

८ मार्च, शुक्रवार

माझं तोंड.

गॅलरीत परबकाकू कोकम वाळवत होती. तिला बोलून गेले की आमच्या सायलीला चांदीचं कार्ड मिळतंय, सामान वाटेल तेवढं नेता येतं. वाटेल तेवढं असं सायली म्हणाली नव्हती. माझ्याच तोंडून निघालं.

गावाला जाणारा माणूस आपल्या एकट्याची पिशवी घेऊन जातो का? ही काय रीत झाली? एसटीने जाताना मी आख्ख्या चाळीच्या पिशव्या नेल्या आहेत. मग विमानाला वेगळी रीत कशी?

संध्याकाळी परबकाकू दारात. "काकी, माझ्या झिलाक वायच मसालो व्हरशात?" तिचा झील म्हणजे मुलगा, विनू, तिकडे मस्कतला हॉटेलात आहे. वायच, थोडासा म्हणे, आणि बरणी हातात मावत नव्हती.

१० मार्च, रविवार

परबकाकूचा मसाला. दुसऱ्या मजल्यावरून सुकट, तीन पिशव्यांत गुंडाळलेली, तरी मांजर दारात बसून आहे. कोपऱ्यावरच्या घरातून कुळथाचं पीठ. खालून एक पाटा आला होता, तो मी परत पाठवला. दगड आहे तो, बाई.

(आजीच्या खाटेखाली आता पाय घालायला जागा नाही. – सा.)

लिहितेस ते लिही, हसू नको.

१३ मार्च, बुधवार

पहिली फेरी. रविवारचं तिकीट महाग, शनिवारी हिचं ऑफिस चालू, म्हणून मधल्या वारी रजा टाकून गेली. अहमदाबाद. सकाळी डबा दिला, घावणे आणि चटणी. दुपारी चार वाजता पोरगी दारात.

"काय पाहिलंस?"
"विमानतळ."
"जेवलीस कुठे?"
"खुर्चीवर. तुझे घावणे."

परत त्याच विमानाने आली. ती विमानातली मुलगी म्हणे हिला ओळखून म्हणाली, मॅडम, काही विसरलात का? बघ. तिलाही कळलं तुझं.

हसलो दोघी. मग सायली चपला न काढताच झोपली. तोंड उतरलेलं. मी चपला काढल्या. पोरगी कामाला जाऊन दमली तर मला समजतं. कुठेही न जाता दमली, हे काही समजलं नाही.

दोन उड्डाणं भरली, दोन उरली. पुढची फेरी १९ला, गोव्याला. तिकीट अजून काढलेलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

रजा मी बोटांवर मोजली. चार होत्या. एक अहमदाबादला गेली. एक गोव्याला जाईल. उरल्या दोन. म्हणजे बुधवारी मला तिकडे टाकणार आणि गुरुवारी उलट्या पावली परत. शोभाचं घर बघायच्या आधी हिची पाठ बघायची.

सायलीला विचारलं.
"अगं, शोभाआत्या आहे ना तिथे. आणि तुझे गुडघे महत्त्वाचे."

बरोबर आहे तिचं. माझ्यासाठीच धावते आहे. मी काय बोलू? शोभा सकाळी कामावर जाणार, जावई कामावर. दिवसभर बंद घरात, काचेपलीकडे परका मुलूख. पहिले चार दिवस ही सोबत असेल ह्या भरवशावर मी हो म्हटलं होतं. मला भीती वाटते. हे लिहू नको.

लिहिलंस?

(हो. – सा.)

१७ मार्च, रविवार

आजचं सगळं नीट लिही. तुझं तोंड कसं झालं होतं तेही.

सकाळी परबकाकूने तराजू आणला, काट्याचा, हाताने धरायचा. एकेक पिशवी लावत होतो. सायली मोबाइलवर गोव्याचं तिकीट काढत बसली होती. मी आपली बोलत होते, ह्यांचंच.

संप मोडल्यावर ह्यांची गिरणी उघडलीच नाही. दोन वर्षं काहीबाही केलं. मग माझगावच्या बाजूला एका गिरणीत कुणीतरी लावून दिलं. हे जुनं कार्ड घेऊन गेले. इस्त्री केलेल्या सदऱ्याच्या खिशात घालून. इतके दिवस भरलेत, थोडेच कमी आहेत, हे दाखवायला. गेटवरच्या बाबूने कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाला, हे त्या गिरणीचं. इथे एकपासून सुरू.

एवढं बोलले आणि मीच थांबले.

"सायले, तू उड्डाणं भरतेस ती कुठल्या गिरणीत?"
"काय?"
"आणि शोभाने तिकीट काढलंय ते कुठल्या गिरणीचं?"

पोरीने गोव्याचं तिकीट सोडलं. मग मोबाइलवर शोभाने पाठवलेलं तिकीट शोधलं. वर केलं, खाली केलं. परबकाकू तराजू धरून उभी, तिच्या हातात सुकट लटकलेली.

"आजी, दुसरी कंपनी आहे."
"मग तुझं कार्ड त्या गेटवर?"
"नाही चालणार."

कॉलेज शिकलेली, ऑफिसात चार माणसांना शिकवणारी. आणि मी अंगठेबहाद्दर.

वर आणखी ऐक. हे कार्ड मिळालं असतं तरी कायम नाहीच. एकच वर्ष. पुढच्या वर्षी तेवढीच उड्डाणं भरली नाहीत तर काढून घेतात. म्हटलं, म्हणजे वर्षभर कायम आणि मग पुन्हा बदली? आमच्या मालकांना नाही सुचलं हे, नशीब.

हसू आवरेना. सायली आधी चिडली, मग तीही. परबकाकूला काही समजलं नाही, पण हसली. मी कपाटातून रवा काढला. शिरा केला. हिने दोनदा घेतला.

गोवा रद्द. रजा तीन शाबूत. शुक्रवारपर्यंत राहणार तिकडे माझ्याजवळ. अंग कसं हलकं वाटतंय.

१८ मार्च, सोमवार

पिशव्या परत करायला मीच गेले, एकेका दारात. तोंड माझं होतं, पायही माझेच. कुणी वाकडं बोललं नाही. सुकटवाली म्हणाली, काकी, मांजराक तरी समाधान. परबकाकूची बरणी मात्र ठेवून घेतली. आईचा हात आहे त्यात, परत कसा देऊ?

गुडघे तसेच आहेत. रांग तशीच आहे. सायली म्हणाली, कंपनीला फोन लावते.

२२ मार्च, शुक्रवार

चाकाची खुर्ची मिळते. आधी कळवायचं, बस. कार्ड नको, चांदी नको. म्हातारं माणूस आहे, उभं राहवत नाही, एवढं सांगितलं की पुरे. ढकलायला माणूसही त्यांचाच. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, बसणार नाही. खुर्चीत बसवून नेतात ते आजाऱ्याला.

सायली म्हणाली, "आजोबांच्या साचेखात्यात खुर्ची कुणाला होती गं?"
"एकट्या मास्तराला, खात्याचा साहेब तो. बाकी सगळे उभे."
"मग?"

माझंच मला परत केलं. बरं. मास्तरासारखी बसेन.

१० एप्रिल, बुधवार

विमानतळावर बसून सांगतेय. सायली मांडीवर वही ठेवून लिहिते.

घरी वजन जास्त झालं. परबकाकूची बरणी की माझी बांगड्याच्या कालवणातली तिरफळं? तिरफळं काढली. डबा ओट्यावर राहिला. अजून तोंड कडू आहे.

खुर्ची आली. ढकलणारी बाई वसईची, बोलकी. मोठी रांग डावीकडे राहिली. मग आखूड रांग, चांदीच्या कार्डवाल्यांची. इथल्या गिरणीचे कायम झालेले लोक. सात-आठ जण उभे, हातात लॅपटॉप. तीही बाजूला राहिली. खुर्ची सरळ पुढे. एक टायवाला माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, मास्तर हलवायचे तशी.

सायली मागून खुर्चीबरोबर धावत आली. रांग तिलाही नाही. काय गं, मिळालं की नाही तुझं कार्ड? माझ्या खुर्चीमागे.

पासपोर्टाच्या खिडकीत सही मागितली. अंगठा दिला. त्याने पॅड शोधायला वेळ लावला. तोवर मी बसून.

१५ एप्रिल, सोमवार

मस्कत. आता लिहिणारी शोभा. हिचं अक्षर मोठं आहे, पानं लवकर संपतील.

सायली शुक्रवारी रात्री गेली. तीन दिवस पूर्ण राहिली. पहिल्या दिवशी मी खिडकीपासून हलले नाही, तीही नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रावर घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी तिने मला लिफ्ट शिकवली. बटणावर आकडे असतात. वाचता येत नाहीत, पण खालून तिसरं आपलं. आज एकटी खाली जाऊन आले. विनू येऊन बरणी घेऊन गेला. बरणी उघडली, वास घेतला, पाया पडला.

सकाळी सायलीचा फोन. त्या कंपनीचं पत्र आलंय. तुम्ही थोडक्यात राहिलात, तीन महिन्यांत एवढी उड्डाणं करा, कार्ड देतो. ऑफिसची कामं होतील काही, पण दोन कमी पडतील असं दिसतं.

"आजी, करू?"

बघ. पुन्हा दोन कमी. ह्या लोकांना बरोबर माहीत असतं किती कमी ठेवायचं ते.

मागच्या वेळी मी एका दमात जा म्हटलं होतं. ह्या वेळी म्हटलं, मी परत आले की बोलू. पोरगी सारखी विमानात असते, कंबर दुखते, तिला पुढची जागा मिळाली तर मला बरंच वाटेल. पण चपलांसकट झोपलेली ती, तेही डोळ्यांपुढून जात नाही. ठरवेल ती. सायले, काय ठरवलंस ते मात्र कुठेतरी लिहून ठेव, नाहीतर विसरशील.

आणि शोभा ह्या पानाचा फोटो तुला पाठवतेय, त्यातलं हे आधी कर. भोईवाड्यातल्या सावंतांचा जावई येत्या रविवारी इकडे येतोय. ओट्यावरचा डबा त्याच्याकडे दे. तिरफळं वाळलेली हवीत, आतल्या काळ्या बिया काढून, नुसती सालं. इथल्या दुकानात विचारलं तर मिरी दाखवतात. शोभाने बांगडे आणून ठेवले आहेत आणि मी त्यांना हात लावलेला नाही.