बाथरूममधलं पाकीट

कॅरी, अमेरिका. शनिवार, संध्याकाळ

उद्या गणपती, म्हणून आज शैलाकाकूंकडे सगळ्याजणी मोदक करायला जमलो होतो. काकू दरवर्षीसारखं प्रत्येकीला विचारत होत्या, "अडचण नाही ना गं? मग लाव हात." माझी इरा सतरा वर्षांची. आजवर ती नुसतं "नाही काकू" म्हणायची. मीच शिकवलं होतं तसं. घरी येणाऱ्यांना दिसावं म्हणून बाथरूममध्ये पॅडचं पाकीटही मीच ठेवलं होतं.

आज मात्र ती हात धुता धुता म्हणाली, "काकू, मला पाळी येतच नाही, येणारही नाही. माझे क्रोमोसोम्स मुलाचे आहेत, पण माझ्या बॉडीला मेल हॉर्मोन कळतच नाही. सो मी मुलगी म्हणूनच वाढले, फक्त गर्भाशय नाही. दॅट्स ऑल."

माझ्या हातातली पारी फाटली. काकूंनी सारणाचं पातेलं तिच्याकडे सरकवलं. "मग दरवर्षी तूच ये. या बाकीच्यांचा काही भरवसा नसतो!" इरा केवढी हसली.

किती सरळ बोलली पोरगी! मला डॉक्टरांच्या खोलीबाहेर हे एकदा तरी उच्चारता आलं का? आणि वर ते पाकीट. तिचा अभिमान वाटतोय, इतका की गाडी चालवताना सारखी तिच्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर तिने पाकीट माझ्यापुढे ठेवलं, अजून न फोडलेलं. "आई, हे नक्की कोणासाठी होतं?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "आता नको."