बांधालगतची बादली

प्रिय लोवेना,

परवा बाजारात हेडली तुला सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गं, तुझ्या झाडीतले जावई आमच्या गाईंना क्षय देऊन गेले, त्यांना अजून किती दिवस पोसणार?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हसलो नाही. पण तोंडही उघडलं नाही. तुझा सख्खा भाऊ असून.

क्षयाच्या तपासणीत हेडलीच्या सात गाई कत्तलीला गेल्या, माझ्या चार. तपासणीची सुई टोचून गेलेला गुरांचा डॉक्टर तिसऱ्या दिवशी मानेवरची सूज मोजायला आला, तेव्हा माझ्या टॅन्सी गाईच्या मानेवर नुसतं बोट फिरवून मी म्हटलं, "सोळा मिलिमीटर." तो म्हणाला, "पास्को, मापाआधी बोलू नकोस." माप भरलं सोळा. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण माझी बोटं खोटं बोलत नाहीत, असं वाटून तेव्हा छाती फुगली. टॅन्सी कत्तलखान्याच्या गाडीत चढेना. शेवटी मीच तिला हाकलली.

एप्रिलमध्ये बांधावरून ओणवी होऊन तू सांगितलं होतंस, "पास्को, ती गुरांच्या मळीच्या चाटणाची बादली उंचावर ठेव. झाडीतले बॅजर बिळातून येऊन चाटून जातात." मी काय म्हणालो? "तू मधमाश्या सांभाळ. गुरं मला शिकवू नकोस."

गाई गेल्यावर तुझ्याविरुद्ध पुरावा हवा म्हणून बांधावर कॅमेरा लावला. तेरा दिवसांत बॅजर नऊ वेळा आला. दोनदा तर संध्याकाळी, चांगला उजेड असताना. दोन पाय बादलीच्या काठावर, पट्टेदार तोंड आत. वीस मिनिटांनंतरच्या फोटोत माझी कालवड, तिथेच जीभ लावताना. क्षय त्याने तिला दिला की माझ्या गाईंनी त्याला, हे फोटोवरून सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मी सांगणार नाही. मांडलेलं ताट मात्र माझं होतं.

तपासणीच्या कागदावर प्रश्न होता : चाटण जमिनीपासून किती उंच? मी लिहिलं, एक मीटर. बादली जमिनीवर होती. ती चूक नव्हती, लोवेना. मला ठाऊक होतं, तरी लिहिलं.

गुरुवारी सभागृहात तुझ्या झाडीतले बॅजर मारायला बंदूकवाले बोलवायचं ठरवणार आहेत. मी फोटो घेऊन उभा राहणार आणि हे सगळं, त्या एक मीटरसकट, हेडलीच्या तोंडावर सांगणार. डॉक्टरला आज सकाळीच सांगून आलो. सभेत चारचौघांबरोबर तुला हे पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून लिहिलं. माफी मागायला गुरुवारनंतर येईन, आधी नाही.

तुझाच,
पास्को