अळणी शिबिराचा एक एकर

मी, ताजबी बाबालाल मुलाणी, वय सदुसष्ट, राहणार रिहे, तालुका मुळशी, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही धाकात न येता हे लिहून ठेवते. धाकात मी नवऱ्याच्याही नव्हते, अल्ला त्याला जन्नत देवो.

१. पिरंगुटला चहा-भज्यांचे हॉटेल चालवून मी तीन एकर जमीन घेतली. आमच्या शरियतीप्रमाणे मृत्युपत्रात मला माझ्या मर्जीने तिसरा हिस्साच देता येतो. म्हणून विहीर आणि पडवीसह एक एकर आजारी मुलांच्या शनिवार-रविवारच्या शिबिरासाठी देते. बाकीचे दोन एकर भाचा नसीर याचे. तो म्हणाला, "फुफी, विहिरीचा तुकडा मला दे. पुण्याचं गिऱ्हाईक बंगल्यासाठी मागतंय." नसीर, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. हरकत असेल तर आत्ताच घे, मेल्यावर मी ऐकायला नसेन.

२. शिबिरात सगळ्यांचे जेवण अळणीच राहील. कुणाची किडनी बिघडलेली, कुणाचे काळीज, त्या पोरांना मीठ बंद. पहिल्या वर्षी मी त्यांची पंगत वेगळी बसवली. पोरे मान खाली घालून बसली, एकही घास उतरेना. चूक माझी. जन्मभर लोकांना खाऊ घातले, पण तेवढी अक्कल नव्हती. तेव्हापासून डॉक्टरसुद्धा अळणी खातात. स्वतःसाठी औषधाच्या बाटलीत मीठ लपवून आणणारा शिबिराच्या जीपचा ड्रायव्हर भैरू याला माझी मोठी कढई देते. घासून.

३. शेजारीण गंगूबाई कुंपणापाशी येऊन "अगं बाई, एवढीशी लेकरं!" म्हणत डोळ्याला पदर लावते. तिला माझी दोन नवी लुगडी. पदर भरपूर मिळेल, पण पोरांसमोर रडायचे नाही.

४. शिबिराचा सारा कारभार चंद्रकला सोपान गायकवाड हिच्याकडे. तेराव्या वर्षी ती पहिल्यांदा आली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. "ताजबी, ही मुलगी फार तर दोन वर्षं..." मी म्हणाले, "ताटं मांडा डॉक्टर, भात निवतोय." मला तिच्याशिवाय कुणी नको. ती पोरांना अळणी आमटीवरून चिडवते आणि पोरे दोनदा वाढून घेतात. वकील म्हणाले, कारभारी सज्ञान लागतो, दुसरे नाव घाला. मी म्हणाले, थांबते.

म्हणून हा कागद आठ महिने पडून राहिला. त्यात मला दोनदा दवाखान्यात न्यावे लागले. लई भीती वाटली, माझी न्हाई, तिची.

ठिकाण: रिहे. रविवार, ९ डिसेंबर १९८४.

लिहून ठेवणार: ताजबी बाबालाल मुलाणी

साक्षीदार:
डॉ. हैबतराव शितोळे, पुणे
कोंडीराम मारणे, पोस्टमन, रिहे

कारभार मान्य: चंद्रकला सोपान गायकवाड
वय: अठरा वर्षे पूर्ण, आजच.