वॉर्निंग तर येतच असतात

३ मार्च
बायकोचा प्रबंध वीस तारखेला द्यायचाय. विषय: शाळकरी मुलांचे चष्मे. चार वर्षं पोरांचे डोळे तपासतेय. सगळी आकडेमोड घरच्या कॉम्प्युटरवर. तो पार जुनाट झाला होता. आज ती दवाखान्यात गेल्यावर अख्खी सिस्टिम अपग्रेड केली. सरप्राइज! कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणारा जुना कंपायलरही उडवला, अडगळ कशाला ठेवा? प्रबंधात आभार मानताना पहिलं नाव माझंच येणार. येऊ दे. मी नको म्हणणार नाही.

४ मार्च
तिचं आकडेमोडीचं पॅकेज उघडेना. नव्या सिस्टिमवर ते मूळ कोडपासून पुन्हा तयार, म्हणजे बिल्ड करावं लागतं, एवढंच. हात लावू नकोस असं तिने बजावलं होतं म्हणे. असेल. ती रोजच काहीतरी बजावत असते. म्हटलं, रविवारपर्यंत देतो करून.

७ मार्च
बिल्ड फेल. कारण सापडलं. पॅकेजमधला कोड जुना. त्यातल्या एका ओळीवर जुना कंपायलर नुसती वॉर्निंग द्यायचा आणि मुकाट पुढे जायचा. नव्या कंपायलरने तीच ओळ एरर ठरवली आणि थांबला. काय हा माज! इतकी वर्षं चाललं, ते आजच कसं चुकलं? मी वॉर्निंग जन्मात कधी वाचल्या नाहीत. अडलं का काही?

दुपारी साडूचा फोन. हा बाबा बाथरूमच्या टाइल्स विकतो. म्हणाला, ताईंनी मागे माझ्या लॅपटॉपवर ते पॅकेज टाकलं होतं, अजून चालतंय, आणून देऊ का? त्याचा लॅपटॉप! विकत घेतल्यापासून अपडेटचा मेसेज आला की हा 'नंतर' दाबतो. म्हटलं, भंगारात दे तो.

९ मार्च
रविवार हुकला. नवा निश्चय: जुना कंपायलर परत आणायचा. तयार मिळेना, म्हणून तोच बिल्ड करायला घेतला. तर नवा कंपायलर जुन्याला बिल्ड करायला तयार नाही! त्यासाठी मधलं एखादं व्हर्जन हवं. बायकोने विचारलं, नक्की कधी होणार ते एकदा सांग. रडवेली झाली होती. मी शांतपणे उत्तर दिलं. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली, ते त्यांचं ते बघतील.

१२ मार्च
एररला पुन्हा वॉर्निंग करून टाकणारा एक फ्लॅग, म्हणजे कमांडच्या शेपटाला जोडायचा शब्द, सापडला. मी ग्रेट आहे! पॅकेज पुढे सरकलं, मग दुसऱ्या पॅकेजपाशी अडलं. ते तिसऱ्यावर अवलंबून.
बायकोने विचारणं बंद केलंय. बसला एकदाचा विश्वास. संध्याकाळी बहिणीकडे राहायला गेली. बरंच झालं, डोक्याशी कटकट नाही.

१५ मार्च
तिचा मेसेज: एकदा बोलायचंय, फोन कर. ऐन कामात! नंतर करतो.

१९ मार्च
झालं!! सगळं बिल्ड झालं, तेही एक दिवस आधी! एरर एकही नाही. वॉर्निंगचा पाऊस पडला, वाचतोय कोण.
तिला फोन लावला, उचलला नाही. साडूला लावला. तो म्हणाला, ताईंनी सोमवारीच दिला की प्रबंध, इथूनच, माझ्या लॅपटॉपवर केलं सगळं, तुम्हाला माहीत नाही? मग चपापला आणि फोन तिच्याकडे दिला.
म्हटलं, चालू झालं बघ सगळं. ती म्हणाली, बरं. म्हटलं, काय चिडायचं ते चिडून घे एकदा. ती म्हणाली, चिडलेली नाहीये. रविवारी उरलेले कपडे न्यायला येते, तू घरी नसलास तरी चालेल, किल्ली आहे माझ्याकडे.
आवाज अगदी साधा होता. भीतीच वाटली.

२२ मार्च
येऊन गेली. कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. मी पॅकेज चालवून दाखवत होतो, ती कपाट आवरत होती. जाताना किल्ली टेबलावर ठेवली. शेजारी प्रबंधाची एक प्रत.
आभाराचं पान काढलं. पहिलं नाव साडूचं. पुढे मेव्हणी, दवाखान्यातले लोक, शाळांचे शिपाईसुद्धा. माझं नाही. पुन्हा वाचलं. टायपिंगची चूक असणार.
स्क्रीनवर मेसेज आलाय, नवीन अपडेट तयार आहे. मग 'नंतर' दाबलं.