हे कॉफी आणायला गेले

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं नवं यंत्र तू पुन्हा डबीत घालून ठेवलंस हे वाचून ह्यांना हसू आलं आणि मला चीड. फोन केला तर कोण बोलतंय हे विचारण्यातच तुझा अर्धा वेळ जातो, म्हणून आपली ही पत्रंच बरी.

बातमी अशी की लेकीने आमची तिकिटं काढली. घर विकलं, आता कायमचं तिच्याकडे. खालच्या मजल्यावर एक खोली दिली आहे, लागूनच न्हाणीघर, दारांना उंबरे नाहीत. ती आणि जावईबापू सकाळी कामाला जातात ते दिवेलागणीलाच येतात. बाबा धडधाकट आहेत, आईचं सगळं तेच बघतात, म्हणून हे जमणार, असं तिने आधीच सांगितलंय. तिचंही खरंच आहे. मणक्याच्या ऑपरेशनपासून माझे पाय नुसते नावाला. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत गेले की माझी मजल संपली.

आता पुढचं फक्त तुझ्यासाठी. ह्यांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही गं. वर्ष झालं. आयुष्यभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं, कुणाची बाटली कुणाच्या नावावर गेली नाही, आणि आता आमच्याच जिन्यात उभे राहून आपला मजला कुठला ते मला हाका मारून विचारतात. लेकीचा फोन आला की मी शेजारी बसून खुणा करते आणि ते बोलतात. डोकं माझं, पाय त्यांचे. दोघांचं मिळून एक माणूस होतं आणि ते एक माणूस बरं चाललंय. लेकीला कळलं तर त्यांना कुठल्यातरी सांभाळायच्या ठिकाणी ठेवतील आणि मला त्या खोलीत. मला एका छपराखाली राहायचंय ताई, शेवटपर्यंत. बाकी काही नको.

वाटेत एकदा विमान बदलायचं आहे. तेवढं निभावलं की झालं. प्रकृतीला जप आणि माझ्यावर रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

रागावलेच आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तुला आईने सांगितलं, मी सांगितलं, आता अजून कुणी सांगायचं? लहानपणी माझ्या फ्रॉकवर शाई सांडलीस आणि तो फ्रॉकच कोळशाच्या पोत्यात कोंबलास. तुझी तऱ्हा अजून तीच. लेकीला निघायच्या आधी सांग. ती तुझ्या पोटची आहे, शेजारीण नाही.

सांगायचं नसेलच, तर निदान मेहुण्यांच्या खिशात नाव आणि लेकीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव. चिठ्ठीला काही वजन नसतं.

मेहुण्यांना म्हणावं, ताई विचारत होती, आणि त्यांनी मला ओळखलं नाही तर फार बिघडत नाही, मीही त्यांना टक्कल पडल्यावर एकदा ओळखलं नव्हतं. हसण्यावारी नेतेय, पण मला भरून आलंय. नीट जा. आशीर्वाद तर आहेतच, अक्कलही थोडी पाठवता आली असती तर पाठवली असती.

तुझी ताई


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पोचलो. एवढंच लिहून पत्र बंद करावंसं वाटतंय. पण कुणापाशी तरी ओकून टाकल्याशिवाय मला अन्न जाणार नाही.

पहिल्या विमानात मी पाण्याचा घोटही घेतला नाही. त्या फडताळाएवढ्या संडासात मला कोण नेणार? उतरलो तेव्हा डोकं ठणकत होतं आणि जीभ टाळ्याला चिकटली होती. विमानतळावरच्या बाईने मला चाकाच्या खुर्चीत बसवलं, एका जाड खांबाशी नेऊन ठेवलं, मागून ब्रेक लावला, पुढच्या विमानाच्या वेळेला येते म्हणाली आणि गेली. त्या खुर्चीची चाकं बशीएवढी. बसलेल्याने हाताने फिरवायची सोयच नाही. ढकलणारा असला तर ती खुर्ची, नाहीतर नुसतंच बसणं. ह्यांनी ढकलून बघितली, पण ब्रेक कसा काढायचा ते काही त्यांना उमगेना. मग दोघंही खांबाकडे बघत बसलो.

आणि कॉफीचा वास आला. फिरत्या जिन्यापलीकडे दुकान असावं. मला पाटी दिसत होती, दुकान दिसत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना हात करून बघितला. एकाने भलत्याच पाटीकडे बोट दाखवलं, एका मुलीला वाटलं मी टाटा करतेय, तिनेही हसून केला. तोंडाला कोरड पडलेली आणि समोर कॉफी, पण जायचं कसं? माझं मलाच रडू यायला लागलं. ह्यांनी ते बघितलं आणि उठले. मी आणतो म्हणाले. अगदी पूर्वीसारखं गं, चष्मा वर सरकवून, साखर दोन चमचे ना असं विचारून. मला वाटलं, आज डोकं शांत आहे. पैसे दिले, पाटी दाखवली, सरळ जा आणि सरळ परत या म्हणून बजावलं. मी पाठवलं त्यांना. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

ते गर्दीत दिसेनासे झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोघांचे पासपोर्ट, तिकिटं, फोन, सगळं माझ्या पर्समध्ये आहे. त्यांच्याकडून हरवू नये म्हणून मीच एकेक काढून घेतलं होतं. तुझी चिठ्ठी घातली होती खिशात, पण त्यांनी ती घरीच वाचली आणि मी काय हरवलेलं कुत्रं आहे का म्हणून फाडली. म्हणजे त्या एवढ्या मोठ्या जागेत ते कोण, कुठले, कुणाचे, हे सांगणारा एक कपटाही त्यांच्या अंगावर नव्हता.

तू म्हणशील, मग आरडाओरडा का नाही केलास? गणवेशातली माणसं शेजारून गेली, मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर लेकीपर्यंत पोचलं असतं. आत्ता येतील, आत्ता दिसतील, असं घोकत मी मूठ झाकून बसले. मागे हात घालून ब्रेक चाचपला, हात पोचेना. मग खांब धरून उठले, दोन पावलं टाकली आणि गुडघे गेले. खांबाला मिठी मारून मी फरशीवर बसले ताई, आणि लोक चाकांच्या बॅगा घेऊन मला वळसा घालून जात होते. शेवटी एका दांडग्या माणसाने उचलून मला परत खुर्चीत ठेवलं, सामान ठेवावं तसं. त्यालाही मी सांगितलं नाही.

ढकलणारी बाई आली आणि साहेब कुठे म्हणून विचारलं. संडासला गेलेत, मी म्हटलं. तेव्हाही खोटंच! ती बिचारी थांबली. विमानाची शेवटची हाक झाली तेव्हा माझा बांध फुटला आणि हे हरवलेत म्हणून तिला सांगून टाकलं.

सापडले. दुसऱ्या टोकाला, जिथे खुर्च्यांतल्या प्रवाशांना ओळीने लावून ठेवतात तिथे. एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसले होते. माझ्याच वयाची, तशीच राखाडी शाल पांघरलेली. हे तिच्या तोंडाशी कप धरून, फुंकर घालून एकेक घोट पाजत होते. तिला बोलता येत नसावं. ती त्यांचा हात थोपटत होती. शालीवर एक थेंब सांडला नव्हता. आणि मला, काय सांगू, आधी त्या बाईचाच राग आला. माझी कॉफी होती ती.

ह्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आणि त्यांना कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं गं. कप खाली ठेवला आणि त्या सगळ्या खुर्च्यांसमोर हमसून रडले. तुलाच आणली होती, मी तुलाच आणली होती, एवढंच म्हणत होते.

विमान गेलं. ऑफिसातल्या माणसाने लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मी शेजारीच बसले होते, पण ह्या वेळी खुणा करून काही उपयोग नव्हता. आता मला धीराचं काही लिहू नकोस, नुसतं लिही.

तुझी धाकटी


ता. ९ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

आईने तुला सगळं कळवलंच असेल. ती माझ्याशी बोलत नाही. पोळी हवी का विचारलं तरी भिंतीला उत्तर देते, म्हणून तुला लिहिते आहे.

मावशी, मी काय करू? रजा संपली. कामावर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी आईसाठी दूध तापत ठेवलं आणि फाटकाबाहेर निघून गेले. पातेलं जळलं, खोलीत धूर झाला, आणि आई पलंगावरून त्यांना हाका मारत राहिली. शेजाऱ्यांनी धूर बघितला म्हणून आज दोघं आहेत. माझ्या ह्यांनी दिवसभरासाठी माणूस शोधला, तो आठवडाभरात कंटाळून गेला. दोघांना एकाच ठिकाणी ठेवावं म्हणून मी चार ठिकाणी विचारलं. डोक्याचा आजार असलेल्यांना घेतात तिथे पायाने अधू माणूस घेत नाहीत, आणि उलटही तेच.

बाबांसाठी जागा मिळाली आहे, घरापासून बसने अर्ध्या तासावर. स्वच्छ आहे, माणसं मायेची वाटली. सोमवारी त्यांना नेणार. आईला वाटतं मी त्यांना तोडते आहे. मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी घर विकू दिलं नसतं, काहीतरी वेगळं बघितलं असतं. आता माझ्या हातात काय उरलंय? तिला तू समजाव, तुझं ती ऐकते. आणि मला वाईट म्हणू नकोस, निदान तू तरी.

तुझी भाची


ता. १८ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

धीराचं लिहू नकोस म्हणालीस, नाही लिहीत. बोलणं बंद करून पोरीला छळू नकोस एवढंच लिहिते. तिने काही बाप रस्त्यावर सोडला नाही. तू रागावली आहेस ती त्या पाटीवर, त्या ब्रेकवर, स्वतःच्या पायांवर. पोर समोर आहे म्हणून तिच्यावर काढतेस.

दर आठवड्याला जा त्यांच्याकडे. उचलून नेऊ देत, लाज सोड. ओळखतील तेवढे दिवस ओळखतील. माझ्या शेजारपाजारच्या बायका नवऱ्याला रोज बघतात आणि महिना महिना दोन शब्द बोलत नाहीत, तेही आठव.

इथून हात पोचत नाही, म्हणून शब्दच पाठीवरून फिरवते.

तुझी ताई


ता. २ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

उत्तराला फार दिवस लावले, रागावू नकोस. लेकीशी बोलते आता. काल तिने माझे केस धुतले आणि आम्ही दोघी रडलो, कुणी कुणाला समजावलं नाही.

दर रविवारी जाते. जावईबापू मला गाडीत उचलून ठेवतात, तिथे खुर्ची मिळते. लांब पडवी आहे, भिंतीला लागून बाकं, कुंड्या, एक सारखा चालू असलेला टीव्ही. सुरुवातीला हे मला बघून धावत यायचे आणि घरी चल म्हणून हट्ट धरायचे, तेव्हा निघताना माझा जीव जायचा. मग हट्ट कमी झाला. मला बरं वाटलं. किती मूर्ख मी, वाटलं रुळताहेत.

काल गेले तर दाढी नीट केलेली, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी स्वेटर, बारीक झालेत. मला खुर्चीत एकटी बघून जवळ आले आणि अगदी अदबीने विचारलं, कुणाला भेटायला आलात? मी म्हटलं, माझ्या यजमानांना. त्यांची इथे नीट देखभाल होते ना, असं त्यांनी काळजीने विचारलं. होते, मी म्हटलं.

भेटायची वेळ संपली. लेक गाडी आणायला गेली, बाकीची माणसं उठली. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, तुम्हाला न्यायला कोणी येणार आहे की नाही? माझ्या तोंडून निघून गेलं, हो, हे येतीलच आत्ता. त्यावर म्हणाले, मग ते येईपर्यंत मी बसतो इथे. खुर्चीतल्या माणसाला लोक ठेवून जातात आणि विसरतात, ते काही बरं नाही. मग थोड्या वेळाने, गप्प बसायला नको म्हणून असेल, विचारलं की कसे आहेत तुमचे यजमान.

चांगले आहेत, मी म्हटलं. फार चांगले आहेत. थोडे विसरभोळे आहेत.

मग त्यांना उशीर होणार, असं म्हणून त्यांनी स्टूल ओढून माझ्या खुर्चीला लावलं आणि माझ्या शालीचं टोक चाकात जात होतं ते उचलून मांडीवर ठेवलं. दारात लेक आली, तिला मी हातानेच थांब म्हटलं.

लोभ आहे तसा राहू दे.

तुझी,
धाकटी