एका बाटलीतली प्रतिकारशक्ती

५ जानेवारी, पहाटे ५.१०
आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीची टीम यंदाही मॅरेथॉन-रिलेत. चौघांनी मिळून बेचाळीस किलोमीटर. कॅप्टन मीच. गेल्या वर्षी आम्ही अर्ध्यात ढेपाळलो, म्हणून साहेबांनी बजावलंय: यंदा शर्यत पूर्ण झाली नाही तर कॅप्टन बदलणार. टीमला हे सांगितलेलं नाही. उगाच टेन्शन नको.
संकल्प: भात, ब्रेड, बटाटा बंद. पळायचं उपाशीपोटी.

९ जानेवारी
बायको म्हणते, लांब पळणाऱ्यानं नीट खावं, नाहीतर शरीराला आजाराशी लढायलाही बळ उरत नाही. ती चौथीला शिकवते. तिला सगळं जग चौथीत वाटतं. मी या विषयावर तीन लेख वाचलेत. एक तर पूर्ण.

१४ जानेवारी
उपाशीपोटी अठरा किलोमीटर. गरज दहाचीच, पण कॅप्टन चार पावलं पुढे हवा. शेवटचे पाच चालत. घरी येऊन झिंक, व्हिटॅमिन सी, प्रोटीन. घसा खवखवतोय. म्हणजे प्रतिकारशक्ती कामाला लागली.

१७ जानेवारी
शिंका. धुळीच्या असाव्यात. बायको म्हणाली, चार दिवस पड गप. पडायला वेळ कुणाला आहे?

१९ जानेवारी, सरावानंतर
टीमची प्रतिकारशक्ती शेवटी माझीच जबाबदारी. लिंबू, आलं, मध घालून लिटरभर पेय केलं. चव जमेपर्यंत ढवळायच्या चमच्यानेच चाखत होतो. मैदानावर एकच बाटली फिरवली, एकेक घोट, टीम स्पिरिट म्हणून. पहिला घोट कॅप्टनचा. डिस्पॅचवाला, डिझाइनवाली आणि अकाउंट्समधला लंबू निमूट प्यायले. राखीव म्हणून घेतलेल्या स्टोअरच्या बाई मात्र म्हणाल्या, आधी नाक पुसा. वय छप्पन, आणि सरावाआधी केळी खातात, वर ब्रेड-जॅम. अशांचं काही खरं नाही.

२२ जानेवारी
डिस्पॅचवाल्याला ताप. मनाने कच्चा.

२३ जानेवारी
लंबूचा आवाज बसला. डिझाइनवालीने थर्मामीटरचा फोटो पाठवला, खाली एक शब्द नाही. हल्लीच्या पोरांत दमच नाही. मला एकशे दोन आहे, पण तो उत्साहाचा. बायको म्हणाली, दिव्याखाली अंधार.

२५ जानेवारी, शर्यत
अंथरुणातून लिहितोय. स्टोअरच्या बाईंनी लोडिंगचे तिघे गोळा केले आणि चौघे पोटभर खाऊन पळाले. सव्वाचार तासांत शर्यत पूर्ण. म्हणजे माझ्याच कारकिर्दीत टीमने पहिल्यांदा शर्यत पूर्ण केली! साहेबांना तसा ईमेल केला.

२८ जानेवारी
साहेबांनी बोलावलं. दारातच थांबा म्हणाले. आजपासून कॅप्टन स्टोअरच्या बाई. फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, तर सर्दी समजून साहेब खुर्चीसकट मागे सरकले. मी म्हटलं, निदान टीमबरोबर राहू द्या, पडेल ते काम करीन. ते म्हणाले, तशी बाईंनी तुमची सोय केली आहे. पुढच्या शर्यतीला तुम्ही टाळ्या वाजवायच्या. पलीकडच्या फुटपाथवरून.